छोट्या ट्रॅक्टरवरील हायड्रोलिक होज पाइपची झीज : प्रतिबंध आणि दुरुस्ती
(पुणतांबा परिसरातील शेतीच्या विशेष संदर्भात)

सारांश

छोट्या ट्रॅक्टरचा वापर वाढला, तसे पलटी नांगर, उलटणारी ट्रॉली इत्यादी अवजारांना दाबाखालील तेल पुरविणाऱ्या रबरी होज पाइपचे महत्त्वही वाढले. हा पाइप किरकोळ सुटा भाग समजला जात असल्याने त्याकडे तो फुटल्यानंतरच लक्ष जाते. प्रस्तुत लेखात होज पाइपची रचना, त्याच्या झिजेची कारणे, तपासणीची रीत, दुरुस्तीचा क्रम आणि प्रतिबंधक उपाय यांचे विवेचन केले आहे. पाइप बहुधा अचानक फुटत नाही. तो एका ठरावीक जागी, ठरावीक कारणाने झिजतो आणि ही झीज बहुतेक वेळा आधी डोळ्यांना दिसते. म्हणून पाइप बदलणे ही अर्धी दुरुस्ती असून झिजेचे कारण दूर करणे ही उरलेली अर्धी दुरुस्ती होय, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : छोटा ट्रॅक्टर, हायड्रोलिक प्रणाली, होज पाइप, झीज, देखभाल, सुरक्षितता, पुणतांबा.

१. प्रस्तावना

पुणतांबा हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील गोदावरीकाठचे गाव होय. चांगदेव महाराजांची समाधी आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील जंक्शन ही या गावाची जुनी ओळख. १ जून २०१७ रोजी येथून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे ते राज्यभर चर्चेत आले. कर्जमाफीबरोबरच उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी त्या संपाच्या केंद्रस्थानी होती. उत्पादनखर्चाचा विचार करताना बियाणे, खते, औषधे, मजुरी आणि वीज या बाबी सहज डोळ्यांपुढे येतात. यंत्राच्या मोडतोडीचा खर्च मात्र 'किरकोळ' या सदरात जातो आणि त्याचा हिशेब क्वचितच ठेवला जातो.

हायड्रोलिक होज पाइप हे या दुर्लक्षित खर्चाचे एक बोलके उदाहरण आहे. पाइपची किंमत ट्रॅक्टरच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते. परंतु तो फुटतो तेव्हा केवळ पाइपचे पैसे जात नाहीत. टाकीतील तेल जमिनीवर सांडते, धूळ प्रणालीत शिरते, चालकाचा दिवस वाया जातो आणि मुख्य म्हणजे वाफसा निघून जातो. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत मशागतीला योग्य ओलावा मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला, तर पुढील पेरणीचे सर्व गणित बिघडते. यापलीकडे चालकाच्या हातापायांचा आणि प्रसंगी जिवाचा प्रश्नही या पाइपशी निगडित आहे. विषय वरकरणी तांत्रिक व लहान दिसत असला, तरी त्याला आर्थिक आणि मानवी अशा दोन्ही बाजू आहेत.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) होज पाइपची रचना व कार्य समजावून घेणे.
(२) झिजेची कारणे व लक्षणे यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
(३) सुरक्षित दुरुस्तीचा क्रम मांडणे.
(४) पुणतांबा परिसरातील पीकपद्धतीस अनुरूप असे प्रतिबंधक उपाय सुचविणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आंतरराष्ट्रीय मानकांतील तरतुदी आणि द्रवयांत्रिकीची मूलतत्त्वे यांचा आधार घेतला आहे. जेथे आकडेमोड केली आहे, तेथे ती केवळ विषय स्पष्ट करण्यासाठी असून तिची गृहीतके त्याच ठिकाणी नमूद केली आहेत.

३. पार्श्वभूमी

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल याने मांडले. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये हायड्रोलिक प्रेसचे पेटंट घेऊन त्याचा व्यावहारिक उपयोग दाखविला. शेतीत या तत्त्वाला खरे स्थान मिळाले ते हॅरी फर्ग्युसन याच्या कार्यामुळे. अवजार ट्रॅक्टरला जोडण्याच्या आणि त्याची खोली आपोआप राखण्याच्या त्याच्या पद्धतीचे पेटंट १९२६ चे असून १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे तीन सांध्यांची जोडणी आणि हायड्रोलिक लिफ्ट सर्वत्र पोहोचली. भारतात १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशर ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले, तर १९६३ मध्ये मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली.

छोट्या ट्रॅक्टरचा प्रसार हा मात्र अलीकडील टप्पा आहे. साधारणपणे १५ ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला आपल्याकडे 'मिनी' किंवा 'छोटा' ट्रॅक्टर म्हणतात. महिंद्रा युवराज, स्वराज ७१७, व्हीएसटी शक्ती, कुबोटा निओस्टार ही या गटातील परिचित नावे होत. उसाच्या दोन सरींमधील भरणी, द्राक्ष, डाळिंब व पेरूच्या बागेतील आंतरमशागत, फवारणी आणि कांद्यासाठी रान तयार करणे या कामांना हा ट्रॅक्टर सोयीचा ठरतो. नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून निघणाऱ्या गोदावरीच्या कालव्यांमुळे कोपरगाव-राहाता पट्ट्यात बागायत रुजली आणि अशा बागायती, लहान धारणक्षेत्राच्या शेतीत हा ट्रॅक्टर चपखल बसला.

४. होज पाइपची रचना

हायड्रोलिक होज पाइप बाहेरून साध्या रबरी नळीसारखा दिसतो, परंतु त्याचे तीन थर असतात. आतील थर तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा, बहुधा नायट्राइल रबराचा असतो व तो तेल धरून ठेवतो. मधला थर पोलादी तारांच्या विणीचा असतो. दाब सहन करण्याचे काम हीच वीण करते. बाहेरील थर घर्षण, ऊन, पाणी आणि रसायने यांपासून त्या तारांचे रक्षण करतो. म्हणजेच बाहेरचे रबर दाब पेलत नाही, मात्र ते गेले की दाब पेलणारी तार उघडी पडते. तारेला पाणी लागले की ती गंजते, गंजलेली तार तुटते आणि मग आतील रबर एकटे दाबापुढे टिकत नाही. झिजेची सर्व प्रक्रिया या एका साखळीत सामावलेली आहे.

तारेची एक वीण असलेला आणि दोन विणी असलेला असे पाइपचे दोन मुख्य प्रकार शेतीयंत्रांवर आढळतात. अमेरिकन पद्धतीत त्यांना अनुक्रमे 'आर १' व 'आर २', तर युरोपीय मानक ईएन ८५३ नुसार '१ एसएन' व '२ एसएन' असे संबोधतात. युरोपीय मानकातील मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत.

कोष्टक क्र. १ : होज पाइपचा आकार, कार्यदाब व किमान वाकण-त्रिज्या

| आतील व्यास | एक वीण : कमाल कार्यदाब | दोन विणी : कमाल कार्यदाब | किमान वाकण-त्रिज्या |
|---|---|---|---|
| १/४ इंच | २२५ बार | ४०० बार | १०० मिमी |
| ३/८ इंच | १८० बार | ३३० बार | १३० मिमी |
| १/२ इंच | १६० बार | २७५ बार | १८० मिमी |

छोट्या ट्रॅक्टरच्या प्रणालीतील दाब सामान्यतः १५० ते २०० बारच्या दरम्यान असतो. वरील कोष्टक पाहता अर्धा इंची एकेरी विणीचा पाइप अशा ठिकाणी अपुरा पडू शकतो, हे लक्षात येते. पाइप फुटण्याचा किमान दाब कार्यदाबाच्या चौपट ठेवलेला असतो. परंतु ही चौपट मर्यादा दाबाचे धक्के आणि काळानुसार होणारी झीज यांसाठी राखून ठेवलेली असते, रोजच्या वापरासाठी नव्हे.

५. छोट्या ट्रॅक्टरवर होज पाइप कोठे असतात?

बहुतांश छोट्या ट्रॅक्टरच्या लिफ्टचा सिलिंडर मागील गिअरबॉक्सच्या आवरणातच असतो आणि पंपापासून तेथपर्यंतची दाबाची नळी लोखंडी असते. त्यामुळे केवळ लिफ्ट वापरणाऱ्या ट्रॅक्टरवर होज पाइपचा प्रश्न मर्यादित असतो. तो उद्भवतो तो पुढील चार ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे पंपाकडे तेल नेणारा शोषण-पाइप. येथे दाब कमी असतो. येथील दोष तेल सांडण्याऐवजी हवा आत ओढली जाण्यात दिसतो. तेलाला फेस येतो, पंप आवाज करतो, लिफ्ट झटके देत उचलते. पुष्कळदा पंप खराब झाला असे समजून तो उघडला जातो. प्रत्यक्षात सैल क्लिप किंवा चिरलेला पाइप एवढाच दोष असतो. दुसरे ठिकाण पॉवर स्टिअरिंगचे. तिसरे आणि सर्वाधिक झिजेचे ठिकाण म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील व्हॉल्व्हपासून पलटी नांगराच्या अथवा ट्रॉलीच्या जॅककडे जाणारे पाइप. चौथे ठिकाण पुढे बसविलेल्या लोडरचे.

पलटी नांगराच्या पाइपवर किती ताण येतो, हे एका साध्या हिशेबाने समजते. १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद, म्हणजे सुमारे एक एकराचे रान घेतले आणि नांगराची रुंदी ४० सेंटिमीटर धरली, तर १०० तास घालावे लागतात. प्रत्येक तासाच्या शेवटी नांगर एकदा पलटतो. म्हणजेच एका एकरात पाइप सुमारे १०० वेळा वाकतो आणि तितक्याच वेळा त्यावर दाबाचा धक्का बसतो. हंगामात भाड्याने ५० एकर नांगरणी केली, तर ही संख्या ५,००० वर जाते. पाइपचा मार्ग अर्ध्या इंचाने चुकलेला असेल, तर तेवढ्याच वेळा तो लोखंडाच्या त्याच कडेवर घासला जातो.

६. झिजेची कारणे

६.१ घर्षण : हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. पाइप नांगराच्या चौकटीवर, लिफ्टच्या साखळीवर, टायरवर किंवा दुसऱ्या पाइपवर घासतो. धूळ आणि वाळूचे कण मध्ये अडकले की ते पॉलिश पेपरसारखे काम करतात. उसाच्या रानात पाचट पाइपभोवती गुंडाळले जाते व त्याला ओढते; डाळिंबाच्या बागेत काटे व छाटलेल्या फांद्यांचे टोक बाहेरील थराला चिरा पाडतात.

६.२ पीळ : पाइप बसविताना नट आवळला जातो आणि त्याच्याबरोबर पाइपही फिरतो. पिळलेला पाइप दाब येताच सरळ होऊ पाहतो. परिणामी विणीच्या तारांवर असमान ताण येतो व नटही सैल होतो. केवळ सात अंशांच्या पिळानेही पाइपचे आयुष्य अनेक पटींनी घटू शकते, असे होजनिर्मात्यांच्या मार्गदर्शनात बजावलेले असते. पाइपवर छापलेली रेघ सरळ आहे की सर्पाकार, हे पाहिले की पीळ चटकन ओळखता येतो.

६.३ अयोग्य वाकण व अपुरी लांबी : कोष्टकातील त्रिज्येपेक्षा कमी त्रिज्येत पाइप वाकविला, तर बाहेरच्या बाजूची वीण उघडते व आतील बाजूस सुरकुती पडते. फिटिंगच्या अगदी तोंडाशी दिलेली वाकण सर्वांत घातक ठरते. दाबाखाली पाइपची लांबीही थोडी बदलते व प्रसंगी तो आखडतो. म्हणून ताणून बसविलेला पाइप फिटिंगमधून निसटण्याची शक्यता असते.

६.४ उष्णता व ऊन : सामान्य नायट्राइल पाइपची तापमान-मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सायलेन्सरजवळून गेलेला पाइप ही मर्यादा सहज ओलांडतो. त्यातच एप्रिल-मे महिन्यांतील ४० अंशांपुढील उन्हात ट्रॅक्टर उघड्यावर उभा असतो. ऊन आणि ओझोन यांमुळे रबर कडक होते व बारीक भेगा पडतात.

६.५ तेल व रसायने : चुकीचे तेल आतील रबर फुगवते किंवा कडक करते. तेल कमी पडले तर उरलेले तेल अधिक तापते. बाहेरून रासायनिक खतांचे क्षार आणि मोरचुदासारखी फवारणीची द्रव्ये फिटिंगच्या टोपीला व उघड्या तारांना गंजवितात. फवारणी आणि नांगरणी या दोन्हींसाठी एकच ट्रॅक्टर वापरला जातो, तेथे हे कारण दुर्लक्षून चालत नाही.

६.६ दाबाचे धक्के : भरलेली ट्रॉली अर्धी उचललेली असताना लिव्हर एकदम सोडणे, उचललेला नांगर घेऊन खड्ड्यांतून वेगाने जाणे, रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब वाढविणे, या सवयींमुळे क्षणिक दाब नेहमीच्या दाबापेक्षा बराच वर जातो.

६.७ साठवण : हंगाम संपल्यावर पाइप जमिनीवर पडून राहतो. त्यावरून टायर जाते, उंदीर तो कुरतडतात आणि झाकण नसलेल्या कपलरमध्ये माती शिरते. नवीन पाइपही कायम नवा राहत नाही. जर्मन मानक डीआयएन २००६६ नुसार फिटिंगसह तयार पाइपची साठवण दोन वर्षांपेक्षा अधिक नसावी आणि साठवणीसह एकूण वापर सहा वर्षांपेक्षा अधिक नसावा. पाइपवर उत्पादनाची तिमाही व वर्ष छापलेले असते. खरेदी करताना ते वाचणे आवश्यक ठरते.

७. लक्षणे आणि निदान

कोष्टक क्र. २ : झिजेची लक्षणे, संभाव्य कारण व करावयाची कृती

| दिसणारे लक्षण | संभाव्य कारण | कृती |
|---|---|---|
| एकाच जागी चकाकणारा, सपाट झालेला भाग | घर्षण | मार्ग बदलावा, संरक्षक आवरण घालावे |
| तार उघडी पडणे अथवा गंजणे | बाहेरील थर नष्ट होणे | पाइप तत्काळ बदलावा |
| फुगवटा किंवा फोड | आतील थर फाटून तेल विणीत शिरणे | काम थांबवून पाइप बदलावा |
| सर्वत्र बारीक भेगा, कडकपणा | ऊन, उष्णता, वय | पाइप बदलावा, उष्णतेपासून दूर न्यावा |
| फिटिंगच्या तोंडाशी ओलसरपणा | सैल क्रिंपिंग, तोंडाशी वाकण | पाइप बदलून लांबी तपासावी |
| नटाखाली ओलसरपणा | वॉशर किंवा ओ-रिंग खराब | सील बदलावे. नट अति आवळू नये |
| तेलाला फेस, लिफ्टचे झटके | शोषण-पाइपमधून हवा | क्लिप व पाइप तपासावा |

वरील लक्षणांपैकी फुगवटा आणि उघडी तार ही दोन लक्षणे दिसताच काम थांबविणे आवश्यक आहे. 'एवढे रान उरकून घेऊ' हा विचार येथे महाग पडतो.

थेंब-थेंब गळतीचाही हिशेब करण्यासारखा आहे. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास दर सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला १८० मिलिलिटर आणि आठ तासांच्या दिवसात जवळजवळ दीड लिटर तेल होते. हे तेल विकत घेतलेले असते आणि ते ज्या जमिनीत मुरते, तीच जमीन पुढे पीक देणार असते.

८. सुरक्षितता

होज पाइपच्या चर्चेत सुरक्षिततेचा मुद्दा शेवटी येतो; वास्तविक तो प्रथम यावयास हवा. १५० बार दाबाखालील तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून बाहेर पडते, तेव्हा त्याचा सैद्धांतिक वेग सेकंदाला सुमारे १८५ मीटर, म्हणजे ताशी साडेसहाशे किलोमीटरहून अधिक असतो. हे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, आरंभी फारशी दुखतही नाही. त्यामुळे हळद लावून किंवा पट्टी बांधून काम पुढे चालू ठेवले जाते. प्रत्यक्षात आत शिरलेले तेल स्नायू व कंडरा यांच्या बाजूने पसरत जाते, ऊतींचा नाश होतो आणि विलंब झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशा वेळी पहिले काही तास निर्णायक असतात. रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे आणि 'दाबाखालील तेल आत शिरले आहे' हे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. पुणतांब्यास शिर्डी व लोणी येथील मोठी रुग्णालये एकाच तालुक्यात उपलब्ध आहेत. अडचण अंतराची नसून जखमेचे गांभीर्य न ओळखण्याची आहे.

म्हणूनच चालू इंजिनवर पाइपवरून हात फिरवून गळती शोधू नये. पुठ्ठ्याचा लांब तुकडा पाइपजवळून फिरवावा. त्यावर तेलाचा डाग पडतो. डोळ्यांवर चष्मा असावा. दुसरा धोका उचललेल्या भाराचा आहे. ट्रॉली उचललेली असताना पाइप फुटला, तर ती क्षणात खाली येते. ट्रॉलीखाली जाण्यापूर्वी तिला भक्कम लोखंडी टेकू देणे अपरिहार्य आहे. केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाणे म्हणजे एका रबरी पाइपवर जीव सोपविणे होय. तिसरा धोका आगीचा. तेलाचा फवारा तापलेल्या सायलेन्सरवर पडल्यास पेट घेऊ शकतो.

९. दुरुस्तीचा क्रम

दाबाच्या पाइपला सायकलची ट्यूब गुंडाळणे, चिकट पट्टी लावणे, एम-सील थापणे किंवा फाटलेल्या जागी नळीचा तुकडा घालून क्लिपा आवळणे हे उपाय सर्रास केले जातात. कमी दाबाच्या पाण्याच्या नळीला जे चालते, ते येथे चालत नाही. ३/८ इंची पाइपच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.७ चौरस सेंटिमीटर असते. १५० बार दाबाखाली त्याच्या टोकावर १०० किलोहून अधिक भार येतो. क्लिपने धरलेला तुकडा हा भार पेलू शकत नाही. क्लिपचा वापर केवळ शोषण-पाइप आणि परतीच्या कमी दाबाच्या पाइपपुरताच मर्यादित असावा. बाहेरील थर वरवर खरवडला असेल व तार दिसत नसेल, तर मात्र पाइप बदलण्याची घाई नको. आवरण घालून त्यावर लक्ष ठेवणे पुरेसे असते.

दुरुस्तीचा योग्य क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल.

(१) अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून उरलेला दाब काढून टाकावा. तेल गरम असल्यास निवू द्यावे.

(२) नट उघडण्यापूर्वी आजूबाजूचा भाग ब्रश व कापडाने स्वच्छ करावा. पाइप निघताच उघडी तोंडे स्वच्छ प्लगने बंद करावीत. आत गेलेली चिमूटभर माती पंप व व्हॉल्व्ह यांचे पाइपपेक्षा कितीतरी मोठे नुकसान करते.

(३) जुना पाइप तसाच कार्यशाळेत न्यावा. परंतु केवळ 'असाच द्या' एवढे सांगणे पुरेसे नाही. आतील व्यास, विणींची संख्या, कार्यदाब, तेल, तापमान, दोन्ही टोकांच्या फिटिंगचा प्रकार व त्यांचा परस्परकोन आणि एकूण लांबी ही माहिती द्यावी. जुना पाइप आखूड असल्यानेच तुटला असेल, तर त्याच मापाचा नवा पाइप तीच चूक पुन्हा करील.

(४) फिटिंगचे आटे तपासावेत. इंची आणि मिलिमीटरी आटे दिसण्यात जवळचे असले, तरी ते एकमेकांत बसत नाहीत. जोर लावून बसविल्यास दोन्ही खराब होतात. शंकूच्या आकाराने सील होणाऱ्या जोडावर टेफ्लॉन टेप लावण्याची गरज नसते. जेथे डाऊटी वॉशर किंवा ओ-रिंग असते, तेथे ती नवीन घालावी.

(५) क्रिंपिंग करताना पाइप आणि फिटिंग एकमेकांशी जुळणारे असावेत व टोपीचा व्यास निर्मात्याने दिलेल्या मापानुसार दाबला जावा. कमी दाबल्यास पाइप निसटतो, जास्त दाबल्यास आतील रबर चिरडते. पाइप कापल्यावर आत राहिलेले रबर व लोखंडाचे कण हवेने साफ करून घ्यावेत.

(६) पाइप बसविताना दोन पाने वापरावेत. एकाने फिटिंग स्थिर धरावी व दुसऱ्याने नट आवळावा. छापील रेघ सरळ राहिली पाहिजे.

(७) तेलाची पातळी पूर्ववत करावी. इंजिन कमी गतीवर चालवून जॅक भाराविना काही वेळा पूर्ण पुढे-मागे करावा, म्हणजे हवा निघून जाते. नंतर पुठ्ठ्याने गळती तपासून पातळी पुन्हा पाहावी.

(८) शेवटी, जुना पाइप जेथे झिजला होता ती जागा शोधावी. तेथील धारदार कड कानसावी, क्लॅम्प हलवावा किंवा आवरण घालावे. ही पायरी वगळली, तर उरलेल्या सात पायऱ्या पुढील हंगामात पुन्हा कराव्या लागतात.

१०. प्रतिबंधक उपाय

पाइपचा मार्ग ठरविताना अवजार प्रत्यक्ष उचलून, टेकवून आणि नांगर दोन्ही बाजूंना पलटवून पाहावा. प्रत्येक स्थितीत पाइप ताणला जाऊ नये, दुमडू नये आणि फिरत्या भागाला लागू नये. फार मोठी ढिलाईही नको, कारण लोंबता पाइप पाचटात व काट्यांत अडकतो. क्लॅम्प पाइपला घट्ट धरणारा असावा. सैल क्लॅम्प स्वतःच घर्षणाचे कारण बनतो. घर्षणाच्या जागी नायलॉनचे किंवा प्लॅस्टिकचे वेटोळे आवरण घालावे. दोन पाइप एकमेकांना घासत असतील, तर त्यांना स्वतंत्र आधार द्यावा.

दैनंदिन तपासणी पाच मिनिटांची आहे. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाइपवरून नजर फिरवावी, गुंडाळलेले पाचट काढावे, तेलाची पातळी पाहावी आणि रात्री ट्रॅक्टर जेथे उभा होता त्या जमिनीवर डाग आहे का, हे पाहावे. फवारणी किंवा खताच्या कामानंतर पाइप व फिटिंग साध्या पाण्याने धुवावेत. कपलर जोडण्यापूर्वी पुसावा व सुटल्यावर त्याला टोपण लावावे. ट्रॅक्टर शक्यतो सावलीत उभा करावा. अवजाराचे पाइप जमिनीवर न टाकता आकड्याला सैल वेटोळे करून टांगावेत. तेल व फिल्टर निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार बदलावेत.

खरीप पूर्वतयारीच्या काळात, म्हणजे मे महिन्यातच, सर्व पाइपची एकदा सविस्तर पाहणी करणे हितावह ठरते. नांगराच्या जोडीतील एक पाइप आणि आवश्यक वॉशर घरी शिल्लक ठेवले, तर वाफशाचा दिवस वाचतो. मात्र शिल्लक पाइपही दोन्ही तोंडे बंद करून, उन्हापासून व उंदरांपासून दूर ठेवला पाहिजे.

११. जबाबदारीचा प्रश्न

देखभालीचे वरील नियम कठीण नाहीत. तरीही ते पाळले जात नाहीत, यामागे एक सामाजिक कारणही आहे. छोटा ट्रॅक्टर पुष्कळदा मालकाच्या स्वतःच्या रानापेक्षा भाड्याने दुसऱ्याच्या रानात अधिक चालतो. मालक एक, चालक दुसरा, रान तिसऱ्याचे आणि दुरुस्ती करणारा फिटर चौथा. पाइप झिजताना दिसतो तो चालकाला, पण खर्चाचा निर्णय असतो मालकाचा. चालकाला एकराप्रमाणे मोबदला मिळत असेल, तर काम थांबवून पाइप दाखविण्यात त्याचे नुकसान असते. फिटरसमोर पाइप येतो तो ट्रॅक्टरपासून सुटा होऊन. तो कोठे घासत होता, हे त्याला दिसत नाही. अशा रीतीने पाहणारा, ठरविणारा आणि दुरुस्त करणारा हे तिघे वेगळे असल्याने झिजेचे कारण कोणाच्याच नजरेत राहत नाही.

यावर साधा उपाय म्हणजे ट्रॅक्टरसोबत एक नोंदवही ठेवणे. पाइप कधी बसविला, कोठे झिजला, का बदलला आणि त्यामुळे किती वेळ काम थांबले, एवढ्या चार नोंदी पुरेशा आहेत. दोन हंगामांच्या नोंदी हाती आल्या की कोणता पाइप वारंवार जातो, हे स्पष्ट होते. चालकाने दोष आधी दाखविल्यास त्या वेळेचा मोबदला कापू नये, हा संकेतही मालकांनी पाळण्याजोगा आहे. उत्पादनखर्चाच्या मागणीला अशा नोंदींमुळे आकड्यांचे बळ मिळते, हा त्याचा आणखी एक लाभ होय.

१२. निष्कर्ष

(१) होज पाइपचे फुटणे हा बहुधा अपघात नसून दीर्घकाळ चालू असलेल्या झिजेचा शेवट असतो.
(२) घर्षण, पीळ, अयोग्य वाकण व अपुरी लांबी ही प्रमुख कारणे पाइपच्या दर्जापेक्षा तो बसविण्याच्या पद्धतीशी अधिक निगडित आहेत.
(३) दाबाच्या पाइपला ठिगळ लावणे ही दुरुस्ती नसून धोका आहे.
(४) दाबाखालील तेलाने झालेली जखम लहान दिसली, तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते.
(५) पाइप फुटल्याने होणारे खरे नुकसान पाइपच्या किमतीत नसून सांडलेले तेल, थांबलेले काम आणि गेलेला वाफसा यांत असते.

१३. शिफारशी

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ व त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय या परिसराच्या जवळ आहे. चालक आणि मालक यांना एकत्र बसवून, प्रत्यक्ष नांगर जोडून पाइपचा मार्ग ठरविण्याची एकदिवसीय प्रात्यक्षिके मे महिन्यात घेता येतील. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून अवजार-बँकांना प्रोत्साहन मिळाले. अशा बँकांनी भाड्याच्या नोंदीबरोबर पाइपच्या तपासणीची नोंदही ठेवावी. ग्रामीण महाविद्यालयांतील विज्ञान, वाणिज्य व समाजशास्त्र या विभागांना हा विषय प्रकल्पकार्यासाठी उपयुक्त आहे. पास्कलचा नियम, यंत्राच्या देखभालीचा लेखा आणि श्रमाचे विभाजन हे तिन्ही विषय गावातल्याच एका रबरी पाइपवर शिकविता येतात. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या ट्रॅक्टरची नोंदवही सुरू केली, तरी एका वर्षात परिसराची विश्वसनीय माहिती हाती येईल आणि पुढील हंगामात एखादा हात व एखादी पेरणी वाचेल.